१०८ की ८०१?

धायरीतली एखादी लॅब. सकाळी तपासणीच्या डब्यांची रांग, गोल झाकणांवर पेनाने लिहिलेले इंग्रजी अंक. झाकण फिरले की ६८ चा ८९ होतो. रिपोर्ट एकाचा, औषध दुसऱ्याला.

०, १, ६, ८, ९ हे इंग्रजी अंक उलटे धरले तरी अंकच राहतात. ००० ते ९९९ या हजार नंबरांपैकी फक्त या पाच अंकांचे १२५ होतात. त्यांतले ६१९, ८०८ असे १५ उलटूनही तेच राहतात. उरलेले ११० घोळाचे, म्हणजे सुरक्षित नंबर ८९०.

६ आणि ९ खाली रेघ मारण्याची सवय चांगली, पण अपुरी. १०८ उलटला की ८०१. त्यात ना ६, ना ९. प्रत्येक नंबराआधी ४ लिहिला तर हजारही नंबर सुरक्षित होतात, कारण उलटा ४ कोणताच अंक नसतो.

‘नीट बघा’ ही सूचना गर्दीत टिकत नाही. नंबरच न चुकणारा हवा. शिवाय झाकणे बदलतात, म्हणून नाव आणि नंबर डबीच्या अंगावरच असावेत. डबी देताना रुग्णाने ते वाचून पाहावेत. त्यात संकोच कसला?