ई-क्लासच्या माळावर आपलाही तंबू

वाशीम जिल्ह्यातल्या कॉलेजच्या कुठल्याही मुलाला विचारा, सुटीत फिरायला कुठे जाणार? उत्तर ठरलेले आहे. लोणार नाहीतर चिखलदरा. लोणार बुलढाण्यात येते, चिखलदरा अमरावतीत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात एक रात्र मोकळ्यावर मुक्काम करावा अशी जागाच नाही, हे आपण सगळ्यांनी मान्य करून टाकले आहे. मला ते मान्य नाही.

आपल्याकडे समुद्र नाही, थंड हवेचा डोंगर नाही. पण माळ आहे, बरड आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर. डिसेंबरमध्ये तिथले गवत वाळून पिवळे पडते आणि त्यात काळवीट, रोही दुरूनही दिसतात. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो. त्यावरून नागपूर-मुंबई करणारे लोक खिडकीतून हा माळ बघतात आणि म्हणतात, इथे काहीच नाही.

सरकारी कागदही जवळजवळ तेच म्हणतात. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे छापते. त्यात झुडपी माळरान हे पडीक जमिनीत मोडते. मेंढ्या ज्यावर जगतात, तणमोर ज्यात अंडी घालतो, ते गवत कागदावर पडीक. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर कोणीही दावा सांगतो. आज कोणी मुरूम उचलतो, उद्या कोणी कुंपण घालतो. तिथे कोणी जात-येत नसेल तर ‘हे काय चाललेय’ असे विचारणाराही कोणी नसतो.

जगात सगळीकडे कोरड्या जमिनीला असे टाकून दिलेले नाही. आपल्यातल्या अनेकांचे मामा-चाचा आखातात कामाला आहेत, त्यांना विचारा. कुवेतमध्ये हिवाळा आला की कुटुंबेच्या कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. तिथली नगरपालिका त्यासाठी हंगाम ठरवते, जागा ठरवते, परवाना देते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी वाळवंटी जमिनींवर साधारणपणे १४ दिवसांपर्यंत कोणालाही तंबू टाकून राहता येते. मग जागा बदलावी लागते. दोन्ही देश वेगळे, पण विचार एक आहे. ओसाड दिसणारी जमीन लोकांची आहे आणि तिथे कसे राहायचे याचे नियम आधीच लिहून ठेवलेले आहेत.

आपल्याकडे असे काही नाही, असे वाटत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २२ वाचा. जिल्हाधिकाऱ्यांना गावातली सरकारी मोकळी जमीन कशाकशासाठी राखून ठेवता येते, याची त्यात यादी आहे. गुरांसाठी मोफत कुरण, दफनभूमी किंवा स्मशान, गावठाण, खळे, बाजार. आणि त्याच यादीत तळ ठोकण्याची जागा, म्हणजे छावणीचे मैदान हेही आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सहलीची पोरे नसतील, दौऱ्यावरचे अधिकारी आणि वाटसरू असतील. पण शब्द कायद्यात आहे. वऱ्हाडात ज्या जमिनीला आपण ई-क्लास म्हणतो, तिच्यातला एक तुकडा मुक्कामासाठी राखून ठेवायला नवा कायदा लागणार नाही.

आता खरा मुद्दा. हे सगळे मी एखाद्या पर्यटनाच्या मासिकात न लिहिता इथे का लिहितोय?

कारण मोकळ्या जागेवर जायचे म्हटले की आपली पोरे दोनदा विचार करतात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही पाच जण एका तलावाच्या काठी तंबू घेऊन गेलो होतो. अंधार पडायच्या सुमारास मोटारसायकलवरून एक माणूस आला. आधी हसून बोलला. मग नावे विचारली. नावे ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला. पिशवीत काय आहे, कोणाला विचारून आलात, इथे नेमके काय करताय? पिशवीत भाकरी, ठेचा आणि दोन दुर्बिणी होत्या. तो सरकारी माणूस नव्हता, जमीन त्याची नव्हती. पण त्याच्याशी हुज्जत घालावी असे आमच्यापैकी एकालाही वाटले नाही. तासाभरात आम्ही घरी होतो. हा किस्सा मी माझ्या आपाला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला निदान कोणी हाकलले तरी. आम्हाला तिथपर्यंत जाऊ कोण देतंय?”

तिच्या या वाक्यात दोन वेगळ्या भिंती आहेत. एक बाहेरच्यांनी घातलेली, एक घरातल्यांनी. दोन्हीचा परिणाम सारखाच. आपल्या मोहल्ल्यातली मुले-मुली जिल्ह्याचा बाजार, दवाखाना आणि कॉलेज ओळखतात, जिल्ह्याची जमीन ओळखत नाहीत. आणि जी जमीन आपण पाहिलेलीच नाही, तिच्याविषयी ग्रामसभेत हात वर करून काय बोलणार?

सार्वजनिक जागेवरचा हक्क ही आपल्या महाराष्ट्रात जुनी लढाई आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते तहान लागली म्हणून नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये स्पष्ट लिहिले गेले की सरकारी खर्चाने राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे वापरताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. माळावरचा तंबू आणि चवदार तळे यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे मला कळते. पण नाव ऐकून सार्वजनिक जागेवरून उठवणे संविधानाला मंजूर नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

यावर काही मित्र सांगतात, जाण्याआधी सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवत जा, वनखात्याचे पत्र घेत जा. मी कळवतो आणि तुम्हीही कळवा. पण यात एक गोम आहे. पत्र फक्त आपल्यालाच दाखवावे लागते. शेजारच्या तंबूतल्यांना कोणी विचारत नाही. म्हणून माझी मागणी पत्राची नाही, पाटीची आहे. ‘सार्वजनिक मुक्कामाची जागा’ अशी पाटी, तिच्याखाली नियम, शुल्क आणि एक फोन नंबर. जिथे नियम पाटीवर लिहिलेले असतात तिथे ज्याला-त्याला पहारेकरी होता येत नाही. नियम सगळ्यांना एकच लागला की नाव विचारायचे कारण उरत नाही. ज्याच्याकडे वशिला नाही, त्याला नियमाचाच आधार असतो.

आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला म्हणजे, ज्या ई-क्लासवर भूमिहीन माणूस चार पायल्या ज्वारी पिकवतो आणि धनगराच्या मेंढ्या चरतात, तिथे शहरी हौस कशाला? बरोबर आहे. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, तेव्हाही भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला होता. म्हणून जागा ठरवताना पहिला शब्द चराईवाल्यांचा आणि भूमिहीनांचा असला पाहिजे. आपल्याला अर्धा-एक एकर मुरमाड तुकडा पुरतो, कुरण नको.

दुसरा आक्षेप पाखरांचा. तणमोर पावसाळ्यात गवतात जमिनीवरच अंडी घालतो आणि आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारधी समाजातली माणसे त्याच्या राखणीच्या कामात उतरली आहेत. आपल्या भोंग्याने आणि शेकोटीने त्यांच्या कष्टांवर पाणी पडता कामा नये. म्हणून जागा अभयारण्याच्या बाहेर हवी आणि जून ते ऑक्टोबर ती बंद हवी. अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि आत आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. ते योग्यच आहे. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी तलावाकाठी काय उरते ते पाहिलेय का? पत्रावळ्या, बाटल्या, फुटलेले स्पीकर. पाहिलेय. इतर सणांनंतरही तेच उरते. त्यासाठी पाटीवर पहिला नियम हवा, आणलेले सगळे परत न्यायचे. तो मोडणाऱ्याकडून दंड घ्यायला मीही ग्रामपंचायतीला मदत करीन.

मग करायचे काय? जिल्हाभर मागण्या करत बसण्यापेक्षा एक जागा धरू. कारंजा किंवा मंगरुळपीर तालुक्यातले एक गाव, जिथली ग्रामसभा तयार आहे. दहा तंबूंची मर्यादा. स्त्रियांसाठी पाण्याची सोय असलेले आणि आतून कडी लागणारे शौचालय, कारण ते नसेल तर माझ्या आपाचा प्रश्न जिथल्या तिथे राहील. जेवण गावातल्या महिला बचत गटाकडून घ्यायचे. जमलेले शुल्क ग्रामपंचायतीकडे, म्हणजे माळ राखण्यात गावाचाही फायदा. ठराव ग्रामसभेचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि शौचालयाच्या खर्चासाठी जिल्हा नियोजन समितीकडे अर्ज.

आणि पहिल्या मुक्कामाला फक्त आपलेच लोक नकोत. गावातली मुले हवीत, तांड्यावरची हवीत, पारधी बेड्यावरचा एखादा जाणता माणूस वाट दाखवायला हवा. अम्मी-अब्बूंनाही घेऊन चला. एकदा त्यांनी ते आकाश पाहिले की पुढच्या वेळी मुलीला पाठवताना त्यांचा हात आखडणार नाही.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. एकाने विदर्भाची जंगले मराठीत आणली, दुसऱ्याने मुंबईतल्या मुस्लिम घरातून निघून देशभरची पाखरे मोजली. त्या आठवड्यात आपला पहिला मुक्काम व्हावा असे मला वाटते. त्याआधी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव यायला हवा, आणि ठराव यायचा तर अर्ज त्याच्याही आधी जायला हवा. अर्ज एका पानात मावतो. कलम २२ चा उल्लेख करा, जागेचा गट क्रमांक घाला, खाली सह्या घ्या. सह्या सगळ्या आळ्यांमधून घ्या.