एंजिनाचें नियमन : हात, गणित आणि सचोटी

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं घरोघर एकच चर्चा सुरू होते. आजोबा, काका, आत्याबाई, सारींच आपापलें मत देतात. ज्याच्याविषयीं हें मत द्यावयाचें तो मुलगा मात्र बहुधा दाराशीं उभा राहून मुकाट्यानें ऐकत असतो. ह्या चर्चेंत अलीकडे दोनच नांवें निघतात : वैद्यकी, नाहीं तर संगणक. यंत्राचें नांव कोणी काढलेंच, तर "तेलानें हात काळे करावयास का ह्याला एवढें शिकविलें?" असा प्रश्न एखादें वडीलधारें माणूस हटकून विचारतें. हा प्रश्न ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत आतां शिळी झाली आहे, असें आमचें मत आहे. तें स्पष्ट करण्यासाठीं ह्या महिन्यांत आम्ही असा एक व्यवसाय निवडला आहे कीं, ज्यांत हात, गणित व संगणक ह्या तिहींची गांठ पडते. तो व्यवसाय म्हणजे एंजिनाचें नियमन. कारखान्यांतील मंडळी ज्यास एंजिन मॅनेजमेंट म्हणतात तें.

मोटारीचें एंजिन कसें चालतें हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. दट्ट्या खालीं येतांना हवा व पेट्रोल आंत ओढलें जातें, वर जातांना तें मिश्रण दाबलें जातें, ठिणगी पडून त्याचा भडका होतो, आणि अखेर जळालेला धूर बाहेर टाकला जातो. जर्मनींत निकोलाउस ओटो ह्यानें १८७६ सालीं ह्या चौपदरी चक्रावर चालणारें एंजिन सिद्ध केलें. तें तत्त्व आजही तेंच आहे. परंतु पेट्रोल किती द्यावयाचें आणि ठिणगी नेमकी केव्हां पाडावयाची, हे दोन प्रश्न क्षणोक्षणीं सुटले तरच एंजिन नीट चालतें. पूर्वीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर कार्ब्युरेटर देत असे, आणि दुसऱ्याचें डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें व स्प्रिंगा देत असत. हीं उत्तरें ठोकळ असत. थंडीच्या सकाळीं चोक ओढून गाडीची मनधरणी करीत बसलेले गृहस्थ आमच्या पिढीनें पुष्कळ पाहिले आहेत.

ठोकळ उत्तर पुरेनासें झालें तें धुरामुळें. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें हे तिन्ही दोष एकाच वेळीं निवारणारें उत्प्रेरक पात्र हल्लीं गाडीच्या पोटाखालीं बसविलेलें असतें. पण हवेचें व इंधनाचें वरील प्रमाण अगदीं काटेकोर राखलें तरच तें पात्र आपलें काम करतें. ह्यासाठीं धुरांतील प्राणवायूचा अदमास घेणारा लॅम्डा नांवाचा संवेदक बॉश कंपनीनें तयार केला व १९७६ सालीं स्वीडनमधील व्होल्व्हो गाड्यांवर तो प्रथम बसला. पुढें हवेचा दाब, पाण्याची उष्णता, दांड्याची गति, एंजिनाच्या आंतील ठोके, ह्या प्रत्येकाची वार्ता देणारे संवेदक आले, आणि त्या सर्वांचें ऐकून निर्णय देणारी एक लहानशी संगणक-पेटी गाडींत येऊन बसली. तीस इ. सी. यू. म्हणतात.

ह्या पेटीस विचार करावयास अवधि किती मिळतो तें पहा. मिनिटास ३,००० फेरे घेणारें एंजिन सेकंदास ५० फेरे घेतें. म्हणजे त्याचा दांडा एक अंश फिरावयास सेकंदाचा १८,००० वा भाग पुरतो. चार सिलिंडरांच्या एंजिनांत त्या एका सेकंदांत १०० ठिणग्या पडतात. ठिणगी कांहीं अंश उशिरा पडली तर शक्ति वाया जाते. कांहीं अंश लवकर पडली तर एंजिन आंतून ठोके देऊं लागतें व कालांतरानें फुटतें. एवढ्या घाईंत पेटी प्रत्येक वेळीं पहिल्यापासून गणित मांडूं शकत नाहीं. ती कोष्टकांत पाहते. आडव्या ओळींत एंजिनाची गति, उभ्या ओळींत त्यावरील भार, आणि प्रत्येक घरांत एक आंकडा : ह्या स्थितींत ठिणगी इतके अंश आधीं, इंधन इतकें. गति दोन घरांच्या मध्यें पडली तर मधला आंकडा प्रमाणानें काढावयाचा. हें आपलें शाळेंतील त्रैराशिकच होय. आर्यभटानें ज्यांची सारणी २४ आंकड्यांत दिली व ब्रह्मगुप्तानें 'खंडखाद्यक' ह्या ६६५ सालच्या ग्रंथांत दोन आंकड्यांमधील आंकडा अधिक सूक्ष्मतेनें काढण्याची रीति सांगितली. सारणीच्या घरांमधलें अंतर कसें भरावें, हा प्रश्न ज्योतिष्यास पडला तसाच तो आज एंजिन जुळविणाऱ्यासही पडतो.

आतां खरा प्रश्न असा कीं, ह्या कोष्टकांच्या घरांतील आंकडे भरतो कोण? ते मनुष्यच भरतो, आणि हेंच ह्या व्यवसायाचें मर्म आहे. ह्या कामास कॅलिब्रेशन म्हणतात. आम्ही त्यास जुळणी म्हणूं. एंजिन प्रथम चांचणीच्या चौथऱ्यावर बांधून शेंकडों गतींस व भारांस चालवून पाहतात. नंतर तें गाडींत घालून दूरदूरच्या मुलखांत नेतात. उष्णतेसाठीं राजस्थान, थंडीसाठीं व उंचीसाठीं लडाख. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब खालच्या मानानें दोनतृतीयांशच उरतो, आणि पुण्यांत गोड चालणारें एंजिन तेथें पहाटे सुरू होईल कीं नाहीं हें तेथें गेल्यावांचून कळत नाहीं. म्हणून ह्या धंद्यांतील तरुणास महिना महिना घराबाहेर राहावें लागतें, हें घरच्यांनीं आधींच समजून असावें.

ह्या कामाची गरज आपल्याकडे एकाएकीं वाढली ती कायद्यामुळें. भारत स्टेजची चौथी पायरी देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली, आणि पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी आली. डिझेलच्या मोटारीस किलोमीटरमागें नायट्रोजन ऑक्साइडें २५० मिलिग्रॅमपर्यंत सोडण्याची मुभा होती, ती ८० वर आली. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर धांवतांनाही धूर मोजण्याचा नियम झाला. स्कूटर-मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर बहुतेक हद्दपार झाला. महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. पुण्यांत किर्लोस्करांचा डिझेल एंजिनांचा उद्योग १९४६ सालीं उभा राहिला. वाहनांची चांचणी व संशोधन करणारी ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ मध्यें तेथेंच स्थापन झाली. आणि पिंपरी-चिंचवड व चाकण हा टापू आज मोटारींच्या कारखान्यांनीं गजबजलेला आहे.

ह्या व्यवसायांत शिरण्याच्या वाटा तीन आहेत. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणारा मुलगा दुरुस्तीच्या शाखेंत जातो. आजचा दुरुस्ती करणारा केवळ पाना घेऊन बसत नाहीं. गाडीस यंत्र जोडून पेटीनें नोंदलेल्या दोषांचे संकेत वाचावे लागतात, आणि संकेत संवेदकाकडे बोट दाखवीत असला तरी खरा दोष तारेच्या सैल जोडांत तर नाहीं ना, हें ताडावें लागतें. दुसरी वाट तीन वर्षांच्या पदविकेची. तिनें मनुष्य चांचणीच्या चौथऱ्यापर्यंत पोंचतो. तिसरी चार वर्षांच्या पदवीची. ती यंत्रशाखेची असो वा इलेक्ट्रॉनिक्सची, दोन्हीकडून येथें येतां येतें. मात्र यंत्रवाल्यास विजेचें व विजेवाल्यास यंत्राचें ज्ञान मागाहून मिळवावेंच लागतें. जुळणी करणें, पेटींतील प्रणाली लिहिणें, दोष ओळखण्याची व्यवस्था रचणें, सरकारी प्रमाणपत्रासाठीं गाडी सिद्ध करणें, अशा ह्यांत अनेक पोटशाखा आहेत.

मुलींविषयीं येथें वेगळें लिहिण्याचें कारण पडूं नये, पण पडतें. महर्षि कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचें कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय पुण्यांत १९९१ सालापासून केवळ मुलींस हेंच शिक्षण देत आहे. ज्या घरांत मुलीच्या नेमकेपणाचें कौतुक होतें, त्याच घरांत तिला कारखाना वर्ज्य कां ठरावा, ह्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेलें नाहीं.

आतां गुणांकडे वळूं. पहिला गुण हाताचा व कानाचा. एंजिनाचा आवाज बदलला हें आंकडा सांगण्यापूर्वीं ज्याच्या कानास कळतें, तो ह्या धंद्यांत लवकर वर येतो. लहानपणीं सायकलीची सांखळी स्वतः चढविणारें, बंद पडलेला पंखा उघडून पाहणारें मूल घरांत असेल तर त्याच्या अंगावर ओरडूं नका. विजेचें बटण आधीं बंद करावयास तेवढें शिकवा. दुसरा गुण गणिताचा : बीजगणित, कलनशास्त्र, संख्याशास्त्र, आणि मोजमापांत चूक किती असूं शकते ह्याची जाणीव. मॅटलॅबसारखीं साधनें नंतर शिकतां येतात; आलेख पाहून "हा बिंदू येथें कसा आला?" असें विचारण्याची संवय मात्र लहानपणींच लागते. तिसरा गुण भाषेचा. केलेल्या चांचणीचा वृत्तांत दुसऱ्यास कळेल असा चार ओळींत लिहितां न येणारा हुशार मुलगा येथें मागें पडतो.

चौथा गुण कोणत्याही परीक्षेंत विचारला जात नाहीं, आणि तोच सर्वांत अवघड आहे. तो म्हणजे सचोटी. फोक्सवॅगन कंपनीचें प्रकरण वाचकांस आठवत असेल. कांहीं डिझेल गाड्यांच्या पेटींत अशी प्रणाली घातलेली होती कीं, गाडी प्रयोगशाळेंत तपासली जात आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवावयाचा, आणि रस्त्यावर येतांच मर्यादा सोडून द्यावयाची. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं गाड्यांत मापक यंत्रें ठेवून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालविल्या, तेव्हां दोन गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइडें मर्यादेच्या ५ ते ३५ पट आढळलीं. १८ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यानें तें उघड केलें, आणि जगभरांतील सुमारे १ कोटि १० लक्ष गाड्यांत ही प्रणाली असल्याचें कंपनीनें मान्य केलें. २०१७ सालीं एका अभियंत्यास तेथील न्यायालयानें ४० महिन्यांची कैद सुनावली.

ह्या गोष्टींत आम्हांस विचार करावयास लावतें तें हें कीं, तें काम अडाणी माणसांचें नव्हतें. तो धूर ज्यांच्या फुप्फुसांत गेला, तीं माणसें त्या आंकड्यांत कोठेंच दिसत नव्हतीं. जुळणी करणाऱ्याच्या हातून एका घरांतील आंकडा थोडा सरकतो, गाडी अधिक चपळ होते, वरिष्ठ प्रसन्न होतात, आणि लाखो गाड्यांच्या मागून चालणाऱ्या मुलांच्या श्वासांत त्याचा हिशेब भरला जातो. अशा वेळीं पंचविशींतील तरुणानें "मी ह्यावर सही करणार नाहीं" असें म्हणावयाचें, तर त्यास तें बळ कोठून मिळावें? महाविद्यालय तें देत नाहीं. तें घरांतून येतें, किंवा येतच नाहीं. गाडी तपासल्यावांचून धुराचें प्रमाणपत्र पैसे देऊन आणणारे वडील आणि "नोकरी टिकव, बाकीचें तुला काय करावयाचें आहे?" असें सांगणारे काका ज्या घरांत आहेत, त्या घरांतील मुलाकडून ही अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. उलट, "अशा कारणासाठीं नोकरी गेली तर हें घर तुझें आहे" एवढें एक वाक्य ज्यास वडील मंडळींकडून आधींच ऐकावयास मिळालें, तो मुलगा वरिष्ठांसमोर ताठ उभा राहूं शकेल. एकत्र कुटुंबाचे दोष पुष्कळ मोजले जातात. अडचणींत पाठीशीं उभें राहण्याचा त्याचा हा गुण अशाच प्रसंगासाठीं आहे.

शेवटीं एक रास्त शंका. विजेच्या गाड्या येत असतां एंजिनाचा धंदा मुलानें धरावा काय? केवळ एंजिनावर भिस्त ठेवूं नये, हें खरेंच. परंतु ट्रॅक्टर, मालमोटारी, जहाजें व जनित्रें एका दिवसांत बदलत नाहींत. शिवाय इंधनही बदलतें आहे : पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें २०२५ मध्यें गांठलें, आणि एक किलो इथेनॉल जळावयास हवा सुमारे ९ किलोच लागते. अर्थात् जुनीं कोष्टकें पुन्हां जुळवावीं लागतात. आपल्या उसाच्या मळ्यांपासून इ. सी. यू. पर्यंत हा एक नवाच धागा जुळला आहे. विजेच्या गाडींतही बॅटरीची उष्णता, तिचा भार, मोटारीची गति ह्यांवर लक्ष ठेवणारी पेटी असतेच. संवेदकाचें ऐकावयाचें, कोष्टक भरावयाचें, आणि तें रस्त्यावर पारखून घ्यावयाचें, ही विद्या तेथेंही कामास येते.

तेव्हां यंदां घरांत ही चर्चा निघेल, त्या वेळीं दाराशीं उभ्या असलेल्या मुलास किंवा मुलीस आंत बोलवा व बसावयास सांगा. पगार किती, हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारा. त्याआधीं त्याला काय उघडून पाहावेंसें वाटतें तें विचारा, आणि खोट्या आंकड्यावर सही करण्याची वेळ आली तर घर काय म्हणेल, हें त्याला त्याच बैठकींत सांगून ठेवा.