तळपायावरचा काळा डाग

म्हसावद परिसरात केळी-पपईच्या बागेत अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या तळपायावर काळा डाग दिसला, तर तो म्हणतो, काटा मोडला असेल किंवा कुरूप असेल. दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने तसाच राहतो. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर असतो. क्वचित मात्र तो डाग मेलानोमा असतो, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ. गोऱ्या त्वचेत त्याचा संबंध उन्हाशी असतो. सावळ्या त्वचेत तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी, तळपायावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या बोटावर तो १९७७ मध्ये सापडला. आधी ती फुटबॉलची इजा वाटली होती. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी, तो गेला.

डाग पातळ असताना आजूबाजूच्या थोड्या निरोगी त्वचेसह कापून काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तो काही मिलिमीटर खोल गेला की जांघेतल्या गाठी, फुफ्फुस, यकृत, मेंदू गाठतो. इतर कर्करोग सहसा जात नाहीत अशा लहान आतड्यात आणि हृदयातही जातो. मग रुग्ण येतो तो पोटदुखी आणि रक्त कमी झाल्याची तक्रार घेऊन. चपला काढायला कुणी सांगत नाही.

यासाठी वेगळी मोहीम काढा म्हणणे अवाजवी ठरेल. मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीच अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. पण आशा सेविका कुष्ठरोगासाठी चट्टे आणि तळपायावरच्या जखमा विचारतातच. त्यात वाढणाऱ्या काळ्या डागाचा एक प्रश्न जोडायला कितीसा वेळ लागतो?

दोष फक्त रुग्णाचा नाही. कुरूप समजून काढलेला तुकडा तपासणीला न पाठवता फेकून देणारे डॉक्टरही आहेत. ती बायोप्सी जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाठवता येते. ती चुकली, तर पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा, आणि तोवर रोग पुष्कळदा पायापुरता राहिलेला नसतो. डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, जखम भरत नसेल किंवा नखातली काळी रेघ रुंद होत असेल, तर ब्लेड लावू नये, डागही देऊ नये. तुकडा तपासून घ्यावा.