मर्दानगी कुणावर?

घाटी, भय्या, लुंगी, चिंकी, हबशी. शिव्या पाच, टाकसाळ एक. मालकाचं नाव मनू. त्या टाकसाळीत आता आपली पोरंही रोजंदारीवर लागलीत, म्हणून हे लिहायला बसलो.

नांदेड-लातूरकडची किती घरं मुंबई-पुण्याला गेली ते ज्यानं त्यानं आपापल्या वस्तीत मोजावं. 1972 च्या दुष्काळात काही गेली. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्याची किंमत आमच्या वस्त्यांनी भरली. ऑगस्टात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेला मारलं. घरं जळाली. तेव्हाही काही गेली. गावानं हाकललं, शहरानं नवं नाव ठेवलं: घाटी. बापानं ते नाव भाकरीबरोबर गिळलं.

पोरगा शहरातच जन्मला. गावाला गेला की महारवाड्याचा, शहरात आला की मराठवाड्याचा घाटी. काम कायमचं नाही, ठेकेदाराच्या मर्जीचं. बापासारखं गिळायचं नाही एवढं त्यानं ठरवलंय, ते बरोबरच आहे. पण तो थुंकतो कुणावर?

गोदीत आमच्या टोळीत बिहारचा एक पासवान आहे. पासवान म्हणजे दुसाध. त्याच्याही गावात त्याची वस्ती वेगळी. लातूरकडचा एक पोरगा त्याला येताजाता टपल्या मारतो, 'ए भय्या, जा की तुझ्या गावाला' म्हणतो, आणि बाकीचे हसतात. गोणी दोघांच्याही पाठीवर सारखीच. मुकादम दोघांचेही सारखेच पैसे कापतो. मुकादमाला मात्र कुणी टपली मारत नाही. याला मर्दानगी म्हणतात काय?

बाबासाहेबांनी याला नाव देऊन ठेवलंय: श्रेणीबद्ध विषमता. वर बघून हात जोडायचे, खाली बघून लाथ घालायची. ज्याला पायरी मिळाली तो जिना मोडायला तयार होत नाही. म्हणून तर जिना टिकला. जातीनं मार खाल्लेल्या पोराला परप्रांतीय सापडला की वाटतं, चला, आपल्याही खाली कुणीतरी आहे. त्याला जे सापडलं ती आपल्याच जिन्याची एक पायरी आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

इतिहास बघा. 1966 साली शिवसेना निघाली तेव्हा पहिला नेम दाक्षिणात्यांवर होता. टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत तीच सेना पँथरच्या समोर उभी राहिली आणि 10 जानेवारीला परळच्या मोर्चात वरून आलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. ऑक्टोबर 2008 मध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना झोडपलं. त्या रांगेत कोण कुठल्या जातीचा होता ते मारणाऱ्यांनी विचारलं होतं का? परक्याला मारायला सरावलेला हात आपल्या वस्तीपर्यंत यायला वेळ लागत नाही.

आणि हा मर्द घरी काय करतो? बहिणीचा मोबाईल तपासतो. ती कुणाशी बोलली, ओढणी कशी घेतली, क्लासहून किती वाजता आली, याचा हिशेब मागतो. बाहेर मालकापुढं मुका, घरात फौजदार. सवर्ण पाटलानं आपल्या लेकीवर जो पहारा बसवला, तोच पहारा आपण आपल्या घरात आणला. त्याच पहाऱ्यापायी आपली पोरं प्रेम केलं म्हणून मारली जातात, हे विसरून आणला.

1 जून 2023 ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेरावला भोसकून मारलं. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग होता आणि त्या दिवशी लग्नाच्या वरातीत तलवारी नाचत होत्या, असं फिर्याद सांगते. तसल्याच तलवारीचे फोटो आपल्या पोरांच्या स्टेटसला दिसतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. ज्या तलवारीनं आपलं माणूस पाडलं, तिच्याकडूनच आपण रुबाब शिकायचा?

मार खा, गप बसा, असं मी सांगत नाही. पँथरचा वारसा सांगणारा तसं सांगूच शकत नाही. पण पँथर हे नाव आलं कुठून? 1966 साली ओकलंडच्या काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, 1972 साली मुंबईत आपला निघाला. 1969 साली शिकागोत फ्रेड हॅम्प्टननं काय केलं ऐका. प्वेर्तो रिकोहून आलेल्या घरांतली पोरं, म्हणजे यंग लॉर्ड्स, आणि डोंगराळ मुलखातून पोट भरायला आलेले गरीब गोरे, म्हणजे यंग पेट्रियट्स, यांना त्यानं पँथरच्या बरोबर एका मोटेत बांधलं. त्या गोऱ्या पोरांच्या जाकिटावर गुलामगिरी राखायला लढलेल्या फौजेचा झेंडा होता. तरी बसून बोलले, कारण घरमालक सारखाच आणि पोलिसाचा दंडुकाही सारखाच. 4 डिसेंबर 1969 ला पोलिसांनी हॅम्प्टनला पहाटे बिछान्यात गोळ्या घातल्या. वय एकवीस. सरकारला भीती कशाची वाटली असेल, विचार करा. पुढच्याच वर्षी ह्यूई न्यूटननं आपल्याच पक्षातल्या पुरुषांना सुनावलं, की बायांना आणि समलिंगी माणसांना तुम्ही हिणवता ते आतल्या भीतीपोटी.

आपल्या 1973 च्या जाहीरनाम्यानंही दलित म्हणजे कोण ते सांगताना कामगार, भूमिहीन आणि स्त्रिया यांना त्याच ओळीत बसवलं. त्यात भय्याला वेगळा दरवाजा नाही. आणि मर्दानगीच बघायची असेल तर 1951 सालची बघा. बायांच्या हक्काचं हिंदू कोड बिल अडवलं म्हणून एका माणसानं कायदेमंत्रिपद फेकून दिलं. त्यासाठी त्याला कुणाच्या कानफटात मारावी लागली नाही.

तेव्हा दोस्तांनो, नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईत, पुढच्या वेळी कुणी एखाद्या परप्रांतीयाचा गाडा उलटवायला निघाला तर गाड्याच्या बाजूनं उभं राहा. जयंतीच्या सभेत माईक बहिणीच्या हातात द्या आणि ती बोलेल ते खाली बसून ऐका. अंगात रग आहे, ती असू द्या. मुकादम अजून तिथंच उभा आहे.

जयभीम.