स्क्रीन विकू नका, भरवशाचं रीडिंग विका



आजचा विषय वाचून काही जण हसतील. कोपरगावात गोदावरी आहे, समुद्र नाही. मग बोटीच्या इंजिनाचे सेन्सर आपल्या काय कामाचे? माझं मत सरळ सांगतो. ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी हार्वेस्टरवर हात बसलेल्या आपल्या पोरांसाठी कोकण किनाऱ्यावर हे चांगलं सर्व्हिसचं काम आहे. फक्त डिस्प्ले विकायला गेलात तर ऑनलाइन भावासमोर टिकणार नाही. खात्रीचं रीडिंग विकलंत तर टिकाल.

काम नेमकं काय आहे?

जुन्या डिझेल इंजिनाच्या बोटीत कूलंटचं तापमान, ऑइल प्रेशर, आरपीएम, टाकीतलं डिझेल हे सगळं काट्याच्या मीटरवर दिसतं. प्रत्येक मीटरची वायर वेगळी. डिजिटल पद्धतीत बोटभर एकच मुख्य केबल फिरते, तिला बॅकबोन म्हणतात. इंजिन, टाकी, जीपीएस सगळं तिला टी-कनेक्टरने जोडायचं आणि एकाच स्क्रीनवर बघायचं. या पद्धतीचं नाव एनएमईए २०००.

तिचा पाया आहे कॅन बस, बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारींसाठी जाहीर केलेली. ट्रकचं जे१९३९ आणि ट्रॅक्टरचं आयसोबस याच घराण्यातले. अशोक लेलँडची डिझेल इंजिनं ट्रकमध्ये असतात तशी मच्छीमार बोटीतही असतात. म्हणजे तुमची अर्धी शिकवणी गॅरेजमध्येच झालेली आहे, बरं का!

पैसे कशाचे मिळतात?

जुन्या इंजिनाचा सेंडर नेटवर्कला थेट जोडता येत नाही. तो फक्त रेझिस्टन्स बदलतो. मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि त्यात सेंडरचा प्रकार बरोबर भरावा लागतो. टाकीचा युरोपियन सेंडर साधारण १० ते १८० ओहम चालतो, अमेरिकन २४० ते ३३ ओहम, म्हणजे उलटा. चुकीचा प्रकार निवडला तर रिकामी टाकी भरलेली दिसेल. आरपीएम बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घेतात. तिथे हातातल्या टॅकोमीटरने मोजून आकडा जुळवावा लागतो. जुना काटा ठेवायचा की काढायचा, त्यावरही जोडणी बदलते.

बॅकबोनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर लागतो. सप्लाय बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरमध्ये मीटर लावा, ६० च्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा केबल तुटली आहे. बॅकबोनपासून उपकरणापर्यंतची फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनाला जे१९३९ असतं, पण घराणं एकच म्हणून वायरला वायर पिळू नका. मध्ये गेटवे बसवायचा.

डबा कुणीही विकत घेऊ शकतो. त्यातला आकडा खरा आहे की नाही हे ठरवणारा माणूस कमी आहे. किनाऱ्यापासून लांब, खलाशी बोटीवर, इंजिन तापतंय आणि स्क्रीन सगळं ठीक दाखवतेय, असं झालं तर? खोटं रीडिंग हे रीडिंग नसण्यापेक्षा वाईट. म्हणून माझा आग्रह आहे की इंजिनाचा मूळ तापमान आणि ऑइल प्रेशरचा अलार्म कधीही काढू नका. नेटवर्क बंद पडलं तरी तो वाजला पाहिजे. मालक म्हणाला "काढून टाका, पॅनेल मोकळं दिसेल", तर ते काम सोडा.

हंगामाचं गणित

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला असतात, दुरुस्ती तेव्हाच होते. आपल्याकडे उसाचं गाळप तोपर्यंत संपलेलं असतं, हार्वेस्टर उभे असतात. दोन्ही हंगाम एकमेकांत बसतात.

अडचण वसुलीची आहे. वायरिंग जूनमध्ये झालं तरी खरी ट्रायल बोट पाण्यात उतरून इंजिनावर लोड आल्यावरच होते. म्हणून कोटेशनमध्येच तीन टप्पे लिहा: सामानाचे पैसे आधी, मजुरीचा भाग वायरिंग झाल्यावर, उरलेला ट्रायलनंतर. जून-जुलैचा प्रवास, मुक्काम, जेवण हा खर्च खिशात असल्याशिवाय घाट उतरू नका.

सुरुवात कशी कराल?

स्टॉक भरू नका. पहिली गुंतवणूक हत्यारात करा: चांगला मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, टॅकोमीटर, तापमान तपासायची गन. वायर टिन चढवलेल्या तांब्याचीच वापरा. खाऱ्या हवेत साधं तांबं काळं पडतं, आणि पिळून टेप लावलेला जोड फार टिकत नाही. एकट्याने जाऊ नका, मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरातला स्थानिक मेकॅनिक भागीदार घ्या. मालकाचा विश्वास त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

काम संपल्यावर मालकाच्या हातात एक कागद द्या: कोणता सेंडर, किती ओहम, मीटरवर किती, स्क्रीनवर किती. खाली तुमची सही. बिलात त्या तपासणीची वेगळी ओळ लिहा आणि तिचे पैसे मागायला लाजू नका. डिस्प्लेचा भाव मालक मोबाइलवर बघून घासाघीस करेल. सहीच्या कागदाचा भाव त्याला मोबाइलवर सापडणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत घरच्या ट्रॅक्टरवर मीटर लावून सराव करा.