लिहून दिलेली परवानगी



जात्यावरची ओवी आणि तबल्याचा कायदा, या दोहोंशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. बर्नार्ड बेल हे फ्रान्सचे. पिंड संगणकशास्त्राचा, कान संगीताचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किप्पन हे अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचे बोल कसे फिरवले म्हणजे घराण्याच्या कानाला पटतात आणि कुठे खटकतात, हे शिष्य वर्षानुवर्षं समोर बसून शिकतो. ते नियम यंत्राला सांगता येतील का, असा प्रश्न किप्पन आणि बेल यांना पडला आणि बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. यंत्राने पलटे मांडायचे, उस्तादांनी पसंत-नापसंत सांगायची, त्यावरून नियम दुरुस्त करायचे. आज हा प्रोग्राम मुक्त आहे. त्याची मूळ संहिता कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली पुढे देता येते.

पुढे हेच बेल पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामात सामील झाले. या मंडळींनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, संगणकावर नोंदल्या गेल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून आपल्यापर्यंत पोचू लागल्या. या नोंदींतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. एरवी लोकगीतांच्या पुस्तकांत संग्राहकाचं नाव मुखपृष्ठावर असतं आणि गाणारणी ‘पारंपरिक’ या एका शब्दात मिटून जातात. इथे तसं झालेलं नाही.

यंदाचा आमचा अंक मुक्त सॉफ्टवेअर आणि खुल्या परवान्यांवर चालणाऱ्या संगीताविषयी आहे. विषय परदेशी वाटेल, म्हणून ही दोन घरची उदाहरणं आधी ठेवली. आपल्याकडे गाणं वाटलं जातंच. भजनी मंडळातली चाल एका गावातून दुसऱ्या गावात जाते, वारीच्या वाटेवर अभंग एका दिंडीतून दुसऱ्या दिंडीत जातो, गणपतीच्या मेळ्यांतली पदं तर उचलण्यासाठीच असायची. घराण्यांनी चिजा दडवून ठेवल्या हेही खरं, पण त्यावरचा उताराही मराठी माणसानेच शोधला. विष्णु नारायण भातखंडे शिक्षणाने वकील. त्यांनी देशभर फिरून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून, त्या स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. ज्याला गंडा बांधणं परवडत नव्हतं, त्याच्याही हाती मालकंसाची बंदिश आली. भातखंडे १९३६ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला, आणि आज ती पुस्तकं कुणीही छापू शकतो.

आपल्यात उणीव आहे ती लिहून देण्याची. आपण देतो ते तोंडी देतो. “घ्या हो, गा की, त्यात काय विचारायचं!” हे वाक्य किती संगीतकारांच्या तोंडून ऐकलं असेल. बोलणाऱ्याचं मन मोठं असतं यात शंका नाही. पण तो माणूस गेल्यावर त्या वाक्याचा आधार उरत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ३० मध्ये स्पष्ट सांगतो की परवाना लेखी हवा. लेखी काही नसेल, तर सगळे हक्क राखलेले, असंच कायदा धरून चालतो. वारसांची इच्छा नसली तरी तसंच, आणि वारस कोण हे कुणाला ठाऊक नसलं तरी तसंच. एखाद्या शाळेला गॅदरिंगमध्ये वसवलेल्या गाण्याची चित्रफीत पुढे ठेवायची असते, एखाद्या तरुणीला आजोबांच्या मित्राने बांधलेली चाल नव्याने गायची असते, आणि विचारायचं कुणाला हेच कळत नाही. बंदी कुणीच घातलेली नसते, तरी गाणं अडकून पडतं.

खुला परवाना म्हणजे ही अडचण आधीच सोडवून ठेवणं. माझी रचना घ्या, गा, बदला, माझं नाव लावा, आणि तुम्ही जे कराल तेही याच अटीवर पुढे द्या, असं रचनाकार हयात असतानाच, एकदा आणि सर्वांसाठी लिहून देतो. सॉफ्टवेअरच्या जगात ही कल्पना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ च्या ‘जीपीएल’ परवान्यातून रुजवली. लेख, चित्रं आणि संगीत यांच्यासाठी तसे परवाने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ने डिसेंबर २००२ मध्ये आणले. त्यामागे अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग आणि त्यांचे सहकारी होते. कलावंतांमधून त्याला मोठा पाठिंबा मिळाला तो ब्राझीलच्या जिल्बेर्तो जिल यांचा. हे गृहस्थ २००३ ते २००८ या काळात त्या देशाचे संस्कृतिमंत्री होते आणि स्वतः आघाडीचे गायक-संगीतकार. वायर्ड मासिकाने २००४ मध्ये खुल्या परवान्यातल्या गाण्यांची एक सीडी काढली, तिच्यात या मंत्र्यांचंही गाणं होतं.

आपल्या कायद्यातलं एक गणित या निमित्ताने नीट समजून घेऊ, कारण ते न कळल्यामुळे फार गोंधळ होतो. एका ध्वनिमुद्रणात हक्कांचे थर असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, मुद्रण निर्मात्याचं, शिवाय गाणाऱ्याचा वेगळा हक्क. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मुद्रणावरचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. ‘मानापमान’ हे नाटक १९११ चं. ते लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. म्हणजे शब्द २००९ पासून मोकळे, चाली २०१६ पासून. आज कुणीही ‘मानापमाना’तलं पद गाऊ शकतं, त्याला बासरी-गिटारची साथ देऊ शकतं, विकू शकतं. बालगंधर्वांच्या १९६४ अखेरपर्यंत बाहेर आलेल्या तबकड्यांवरचा मुद्रणाचा हक्कही २०२५ पासून उरलेला नाही. याउलट ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले; त्यांच्या शब्दांसाठी २०३७ संपेपर्यंत थांबायला हवं. नाट्यसंगीताचा एवढा मोठा ठेवा कायद्याने आपल्या हाती आलेला असताना तो नव्याने ध्वनिमुद्रित करून, तसं लिहून, सर्वांना देण्याचं काम मात्र फार थोडं झालं आहे. नाट्यसंगीताच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोकळं झालेलं मोकळं राहीलच, याची मात्र खात्री नाही. २०१८ साली इंग्लंडचे पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी घरी वाजवलेल्या बाखच्या रचनेची छोटी चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली, तर एका मोठ्या कंपनीच्या यंत्रणेने ४७ सेकंदांवर मालकी सांगून आवाज बंद केला. बाख १७५० साली वारले. यंत्र नोंदी बघतं, आणि नोंद ज्याने केली त्याचं म्हणणं खरं धरतं. ऱ्होड्स नामवंत होते, त्यांनी आवाज उठवला, निर्णय फिरला. आपल्या गावच्या भजनी मंडळाचं काय होईल? म्हणून जे आपलं आहे त्यावर, ते आपलं आहे आणि अमुक अटीवर सर्वांचं आहे, हे तारखेसह कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे.

आता साधनांकडे येतो. ध्वनिमुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ती सुरू केली, २००० साली सर्वांना दिली. पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी ‘म्यूझस्कोअर’ आहे. या साधनांची यादी देत बसत नाही, ती आतल्या पानांवर आहे. मला थांबायचं आहे ते सुरांपाशी.

संगणकावरची बहुतेक वाद्यं सप्तकाचे बारा सारखे भाग करून चालतात. आपला शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपसूक ऐकू येतो तो हाच गंधार. बारा सारख्या भागांच्या मोजणीत तो १.२६ पटीवर जातो, म्हणजे थोडा चढा लागतो. कागदावर फरक क्षुल्लक दिसतो, तंबोरा लावून बसलेल्या माणसाला तो सलतो. या कारणावरून हार्मोनियमवर किती वाद झाले, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवलं, हे जुन्या रसिकांना आठवत असेल. विकतचं बंद सॉफ्टवेअर जर सांगत असेल की सूर बाराच आणि असेच, तर वापरणाऱ्याला ते मुकाट्याने मान्य करावं लागतं. ‘सर्ज’ हे मुक्त सिंथेसायझर घ्या. त्याला साध्या मजकुराची एक फाइल देता येते. तिच्यात गंधारापुढे ५/४ लिहायचं, पंचमापुढे ३/२, की वाद्य तसं लागतं. मारव्याचा कोमल ऋषभ आणि भैरवाचा कोमल ऋषभ वेगळे हवे असतील, तर दोन फाइली करा. तुमच्या गुरूंचा ऋषभ आणखी वेगळा असेल, तर तिसरी. आणि ती फाइल दुसऱ्याला द्या. संगीताच्या क्लासांतून हा प्रयोग कुणी नेटाने केला, तर श्रुतींवरची निम्मी चर्चा कानांनी सोडवता येईल, असं मला मनापासून वाटतं.

बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांनी २०११ मध्ये ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प हाती घेतला. पाश्चात्त्य संगीत गृहीत धरून बनलेली संगणकीय साधनं हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की अशा परंपरांना अपुरी पडतात, इथून त्यांनी सुरुवात केली. पवईच्या आयआयटीतल्या प्रीती राव यांचा गट त्यात होता. त्यातून ‘सरगा’ हा हिंदुस्थानी आणि कर्नाटक मुद्रणांचा खुला संग्रह अभ्यासकांना मिळाला. राग, ताल, सम यांच्या नोंदी त्यात आहेत. मराठी विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास करावा असा तो आहे.

“सगळं वाटून टाकलं तर कलावंताने खायचं काय?” हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. आपल्याकडच्या गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा पक्का हक्क मिळायला २०१२ ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू लावून धरली. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क सोडा, असं कुणालाही सांगायची माझी तयारी नाही. चित्रपटासाठी पोटापाण्याचं काम करणाऱ्याने त्याचे पैसे पुरेपूर घ्यावेत. पण दुसऱ्याही वाटा आहेत. जर्मन-जपानी पियानोवादक किमिको इशिझाका यांनी बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’साठी आधी लोकांकडून वर्गणी घेतली, बर्लिनच्या स्टुडिओत उत्तम मुद्रण केलं, आणि २०१२ मध्ये मुद्रण व स्वरलेखन दोन्ही कुठलाही हक्क न राखता जगाला दिलं. मेहनताना आधी मिळाला, गाणं नंतर सर्वांचं झालं. वर्गणीतून गणपती, नाटक, व्याख्यानमाला उभ्या करणाऱ्या आपल्या समाजाला हे जड जाऊ नये. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडने २००८ मध्ये ‘घोस्ट्स’ हा अल्बम खुल्या परवान्यात दिला आणि त्याच्या ३०० डॉलर किमतीच्या २५०० खास प्रती हातोहात संपल्या. त्यांचं नाव आधीच मोठं होतं, त्यामुळे नवख्या गायकाला हा दाखला पुरणार नाही. पॉल डेव्हिस यांचा ‘आर्डर’ हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम मुक्त असूनही तयार प्रत ते पैसे घेऊन देतात. ज्याला जमतं तो मूळ संहितेवरून स्वतः बांधून घेतो. त्यावर ते वर्षानुवर्षं काम करत आले आहेत.

परवाना कोणता निवडावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ‘व्यापारी वापर नको’ ही अट मोहात पाडते, पण किंमत छापलेला दिवाळी अंकसुद्धा त्या अटीत अडकू शकतो, आणि विकिपीडियाचं भांडार असलेलं ‘विकिमीडिया कॉमन्स’ तसं संगीत स्वीकारत नाही. नाव लावा आणि त्याच अटीवर पुढे द्या, एवढं बांधून घेतलं की पुरे. मात्र जे आपलं नाही त्यावर परवाना लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. गोंधळ्याची कथनं, आदिवासी पाड्यांवरची विधीची गाणी, म्हातारीने विश्वासाने म्हटलेली ओवी, ही आधी त्यांना विचारून, समजावून, त्यांनी हो म्हटलं तरच बाहेर यावीत. काही गाणी घरातच राहावीत असं त्यांना वाटलं, तर ती तिथेच राहोत.

या अंकासोबत सहा ध्वनिमुद्रणं आहेत. पान २ वरच्या क्यूआर कोडने ती उघडतील. चार नाट्यपदं हक्क संपलेल्यांपैकी आहेत, नव्याने गायलेली, आणि दोन नव्या रचना. गायक, वादक, रचनाकार, मुद्रणकार या सगळ्यांशी आम्ही लेखी करार केला आहे आणि प्रत्येकाला मानधन दिलं आहे. सगळी गाणी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण ४.०’ या परवान्यात आहेत. तयार गाण्याबरोबर गायन, पेटी, तबला आणि तंबोरा यांचे सुटे ट्रॅकही ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवले आहेत. ज्याला फक्त तबला हवा त्याने तबला घ्यावा, ज्याला पेटी काढून सारंगी घालायची आहे त्याने तसं करावं. सर्वांची नावं सोबतच्या मजकूर-फाइलमध्ये जशी लिहिली आहेत तशी लावा. तुम्ही केलेलं आमच्याकडे पाठवलंत, तर पुढच्या दिवाळीला तुमच्या नावानिशी त्याच जागी ठेवू.

शुभ दीपावली.

— संपादक