बंद खोलीतील बोलणे

कोरोनाच्या साथीमुळे २२ मार्च २०२० पासून बंद असलेली दिल्ली मेट्रो ७ सप्टेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली. त्या वेळी मुखपट्टीच्या सक्तीबरोबरच प्रवाशांना आणखी एक विनंती करण्यात आली : प्रवासात शक्यतो कमी बोलावे. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हे सर्वांना ठाऊक असते. नुसत्या बोलण्याला कोण भिणार? तरीही त्या काळातील असंख्य सूचनांमध्ये ही सूचना अधिक शास्त्रशुद्ध होती.

बोलताना स्वरतंतू कंप पावतात आणि त्यांच्यावरील ओलाव्याचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर बाहेर पडतात. ‘प’, ‘ब’ यांसारखे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ विलग होतात, त्यांमधील लाळेचे बारीक धागे ताणले जाऊन तुटतात व त्यांचेही तुषार होतात. आवाज चढला की कण वाढतात. मोठे थेंब लवकर खाली पडतात. बारीक कण मात्र हवेतच सुकून हलके होतात आणि उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. बोलणारा बाधित असेल, तर विषाणूही त्यांच्याबरोबर तरंगतात. अंगणात हा धूर विरून जातो, बंद खोलीत साचतो. तेथे ‘दो गज’ अंतर पुरत नाही ते यामुळेच.

मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे सांगितले होते. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राचा आधार घेऊन हवेतील प्रसाराकडे लक्ष वेधले. संघटनेची भूमिका पुढे बदलली; तोवर लोक भाज्या धुण्यात आणि कड्या पुसण्यात दमून गेले होते. दिल्लीत मुखपट्टी नसल्याचा दंड नोव्हेंबर २०२० मध्ये ५०० वरून २००० रुपये झाला. खोलीत हवा खेळते की नाही, हे पाहण्याची तत्परता मात्र तेवढी दिसली नाही.

हिवाळ्यात तर दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे पेचच पडतो. खिडकी उघडावी तर धूर आत येतो, लावावी तर एकमेकांचा श्वास कोंडतो. फ्लूही या दिवसांत डोके वर काढतो. सुदैवाने धुराचे कण अडवणारी चांगली गाळणी विषाणू वाहणारे कणही अडवते. पण ती विकत कोण घेणार? मेट्रोतील प्रवासी अर्धा तास गप्प बसू शकतो. तळघरातील शिकवणीच्या वर्गात शिक्षकाला दिवसभर, आणि तेही मोठ्याने, बोलावेच लागते. तेथे पंख्याचा व गाळणीचा खर्च जागेच्या मालकाने करायला हवा, आणि परवाना देणाऱ्याने तो झाला आहे की नाही हे स्वतः जाऊन पाहायला हवे.